तिसरं शील

माझा भाऊ नागसेन तुरुंगातून सुटून आला, तेव्हा वस्तीत कोणी त्याला शिवी दिली नाही की दारावर दगड मारला नाही. मला हायसं वाटलं. आता वाटतं, एखादा दगड आला असता तर बरं झालं असतं. निदान काय घडलं होतं ते कोणाला तरी आठवतं, एवढं तरी कळलं असतं.

आमचा विहार वस्तीच्या मधोमध आहे. खाली वंदनेचा हॉल, वर अभ्यासिका. ती अभ्यासिका नागसेननेच उभी केली होती. दारोदार फिरून वर्गणी जमवली, टेबलं आणली, रविवारी पोरांना फुकट गणित शिकवलं. सगळे त्याला ‘सर’ म्हणायचे. किल्लीही त्याच्याचकडे असायची. एका रविवारी बाकीची पोरं गेल्यावर त्याने दीक्षाला थांबवून घेतलं आणि दाराला आतून कडी लावली. दीक्षा तेव्हा अकरा वर्षांची होती. याच्यापुढचं मी सांगणार नाही. ते कोर्टात सांगून झालेलं आहे. जिन्यावरून रडत उतरणारी ती पोर मला भेटली होती, तिने मला जे सांगितलं ते मी जज्जसाहेबांसमोर जसंच्या तसं सांगितलं. सख्ख्या भावाच्या विरोधात. आई गेल्यावर त्याला मीच लहानाचं मोठं केलं होतं, माझ्याच हातचं जेवून तो बी.एस्सी. झाला होता. ‘बहीण नाही, वैरीण आहे,’ असं लोक म्हणाले. म्हणोत बापडे.

सजा भोगून तो आला आणि मी त्याला घरात घेतलं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, घरात मी एकटी. माझं डब्यांचं काम आहे, धरमपेठेतल्या ऑफिसांत डबे जातात. नागसेन कांदे चिरतो, कणिक मळतो, भांडी घासतो. डबे पोचवायला मात्र मीच जाते. जिथे पोरी असतील तिथे पाय ठेवायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्याने मान हलवली. कामाला तो चोख आहे, खोटं कशाला बोलू? सुटून आलेल्या माणसाला भाकरी लागते, काम लागतं, पाठ टेकायला जागा लागते. ते मी दिलं. दुसरा मौका कशाला म्हणतात, हे कोणी मला शिकवायला येऊ नये.

पण आले. धम्मानंदकाका आले, विहार समितीचे अध्यक्ष. पोस्टातून रिटायर झालेले, विहाराची झाडलोटसुद्धा स्वतः करणारे. वाईट माणसाशी मला भांडता येतं. काकांसारख्याशी भांडायचं म्हणजे मोठी पंचाईत.

“भावना, नागसेन विहारात काहून येत नाही वं?” ते म्हणाले.

“मीच मना केलं त्याले.”

“आपल्या विहारात कोणाले मनाई नसते. माह्या बापाले गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. वरून पाणी ओतत, तो खाली ओंजळ धरून पीत होता. म्हणून आपण ठरवलं का आपल्या दारातून कोणी वापस जाणार नाही. तुह्या मायनं ह्या विहाराच्या विटा डोक्यावर वाहिल्या आहेत. विसरली का?”

विसरले नव्हते. त्या विहिरीची गोष्ट ऐकतच आम्ही सगळे मोठे झालो आहोत. आमच्याकडे ती गोष्ट निघाली की समोरचा गप्प होतो. मीही झाले. नंतर एवढंच विचारलं, “आणि दीक्षा?”

“तिच्या घरी जाऊन आलो ना आम्ही पाच जण. तिच्या मायनं, सिंधूताईनं, चहा पाजला. म्हटलं, मन मोठं करा, झालं गेलं सोडून द्या. ती काही बोलली नाही. पोरगीही काही बोलली नाही. म्हणजे त्याहिची हरकत नाही.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पाच मोठी माणसं एका खोलीच्या घरात येऊन बसतात, एक विधवा बाई त्यांच्यासाठी शेजारून साखर आणून चहा करते, आणि तिच्या तोंडाला कुलूप लागलं की ती हरकत नाही समजायची? अकरा वर्षं ज्या पोरीचं नावसुद्धा यांनी घेतलं नाही, तिच्या दारात गेले ते तिची विचारपूस करायला नाही. तिच्याकडून मागायला गेले. देऊन देऊन तिनेच द्यायचं. बाकीच्यांनी फक्त मन मोठं असल्याचं पुण्य घ्यायचं.

दीक्षा आता बावीस वर्षांची आहे, एमपीएससीचा अभ्यास करते. तेच टेबल, तोच जिना. त्या जिन्यावर पुन्हा चढायला तिला किती वर्षं लागली ते सिंधूताईला विचारा. घरात आई, दोन भाऊ, आजारी मामा. अभ्यासाला जागा म्हणजे अभ्यासिकेतली खिडकीजवळची खुर्ची, एवढीच. समिती चहा पिऊन गेली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिची सायकल विहाराच्या कुंपणाशी दिसेना. मी डबे घेऊन जाता-येता बघत होते. एकदा वर जाऊन आले. खिडकीजवळच्या खुर्चीवर दुसरंच कोणी बसलं होतं. प्रिलिम तोंडावर आली होती.

कोणाला मनाई नव्हती. कोणी नियम मोडला नव्हता. आणि दीक्षा बाहेर होती.

शनिवारी संध्याकाळी मी नागसेनला समोर बसवलं. “काका उद्याच्या वंदनेले बोलावतील. जाऊ नको. मले नका बोलावू, एवढं म्हण. दीक्षानं अभ्यासिका सोडली तुह्या भीतीनं.”

“हो, ताई,” तो म्हणाला. ताटातलं जेवून उठला, ताट घासून ठेवलं.

रविवारी सकाळी मी बाजारातून भाजी घेऊन आले तर घराला कुलूप. त्याचा पांढरा कुर्ता दोरीवर नव्हता. भाजीची पिशवी ओट्यावर टाकली आणि तशीच विहारात गेले.

हॉल भरलेला होता. बायका पांढऱ्या साड्यांत एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला, समोर मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. आमच्याकडे एक जण पुढे बसून शील म्हणतो आणि सगळे त्याच्या मागून म्हणतात. त्या पुढच्या जागेवर नागसेन बसला होता. पूर्वी तोच म्हणायचा, आवाज चांगला म्हणून. काकांनी त्याला त्याची जुनी जागा परत दिली होती. शेवटी सगळ्यांनी तीनदा ‘साधू’ म्हणायचं, की झाला तो पुन्हा आमच्यातला.

मी दाराशीच उभी राहिले. पहिलं शील झालं. दुसरं झालं. तिसरं शील वासनेच्या दुराचारापासून लांब राहण्याचं आहे. त्याच्या डोक्यावर, त्याच छताच्या वर, ती खोली होती. मला वाटलं, आता तरी अडखळेल. आता तरी याचा आवाज बसेल. मी त्याच्या मानेकडे बघत होते. तो अडखळला नाही. सुरात, स्वच्छ, पाढे म्हणावेत तसं त्याने तिसरं शील म्हटलं आणि सगळा हॉल त्याच्या मागून म्हणाला.

“थांब,” मी म्हणाले.

सगळे वळले. विहारात वंदना मध्येच थांबवायची नसते, हे लहान पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं.

“नागसेन, उठ त्या जागेवरून.”

“ताई, मी सजा काटली आहे,” तो बसल्या जागेवरूनच म्हणाला. “पूर्ण काटली.”

“ते सरकारचं होतं. सरकारचं फिटलं. हे सरकारचं नाही.”

“भावना, बस खाली,” काका म्हणाले. “माणूस बदलते. आपण बदलू दिलं पाहिजे.”

“बदलते ना, काका. बदललेला माणूस ह्या जागेवर बसला नसता. तुम्ही हात धरून आणलं असतं तरी म्हणाला असता का मले नका बसवू, ती पोरगी ह्याच दारातून वर जाते. काल सांगतलं मी त्याले, तिनं अभ्यास सोडला म्हणून. हो म्हणाला आणि कुर्त्याले इस्त्री करून आला.”

पुरुषांच्या बाजूने बाबाराव बोलले, समितीचे खजिनदार. “एवढं हाय तर भिवापूरले पाठव ना त्याले तुह्या मामाकडे. मिरचीच्या कामाले माणूस लागतेच.”

“भिवापूरले पोरी नाहीत का, भाऊ?”

नागसेन सतरंजीकडे बघत होता. माझ्या मनात राग होता, आणि लाजही होती, कारण तो माझाच भाऊ होता आणि त्याचे कान आईसारखे आहेत.

“काका, तुमच्या बाबांले विहिरीवरून हाकललं,” मी म्हणाले. “त्याहिनं काय केलं होतं? काहीच नाही. हा करून आला आहे. दोघाले एका रांगेत कसं उभं केलं तुम्ही? तुमच्या बाबांले काय वाटलं असतं? कोणाले वापस पाठवाचं नाही म्हणता. वर जाऊन पाहा, खिडकीजवळची खुर्ची. दीक्षाले पाठवून झालं.”

काका उठले. मला वाटलं माझ्यावर ओरडतील. ते भिंतीला हात टेकत जिन्याकडे गेले, दोन पायऱ्या चढले आणि तिथेच थांबले. बराच वेळ त्यांची पाठच आम्हाला दिसत होती. मग तिथूनच, न वळता म्हणाले, “नागसेन, घरी जा, बापू.”

त्या दिवशी राहिलेली शीलं काकांनी म्हटली. ‘साधू’ कोणी म्हटलं की नाही मला माहीत नाही. मी भावाला घेऊन बाहेर पडले होते.

घरी आल्यावर तो म्हणाला, “सगळ्यांसमोर इज्जत घेतली तू माही.”

“हो, घेतली,” मी म्हणाले. “तिच्या घरी पाच जण माफी मागाले गेले, ते तुह्यासाठी. तू तर तेही केलं नाही. तू सरळ जागा मागाले गेला.”

तो दोन दिवस जेवला नाही. मी ताट वाढत राहिले आणि उचलत राहिले. तिसऱ्या दिवशी जेवला.

पुढच्या आठवड्यात दीक्षाची सायकल पुन्हा कुंपणाशी दिसली. समोरून जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायचं कारणही नाही. तिच्याच वाट्याचं तिला मिळालं, त्यात माझे कसले उपकार? सिंधूताईनेही काही म्हटलं नाही, आणि मला ते बरं वाटलं.

रविवारी मी आता वंदनेला जात नाही. वंदनेच्या वेळी नागसेनपाशी घरात कोणी तरी असावं लागतं. विहाराचा भोंगा स्वयंपाकघरात ऐकू येतो. मी पिठाच्या हातांनीच शीलं म्हणते. तो समोर बसून भाजी निवडतो. पहिलं आणि दुसरं माझ्या मागून पुटपुटतो. तिसरं आलं की त्याचे ओठ थांबतात. आधी तसं नव्हतं. खरंच थांबतात की मला दाखवायला, ते मला कळत नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

मागच्या सोमवारी कांदे सोलता सोलता त्याने विचारलं, “ताई, असं कधीपर्यंत?”

“मले विचारू नको.”

“मग कोणाले विचारू?”

मी गॅस बारीक केला आणि त्याच्याकडे वळले. “तिले तर कधीच नाही. तिच्या दारात गेलास, का कोणाले पाठवलंस, तर ह्या घराचंही दार बंद. समजलं?”

त्याने मान हलवली. त्याचे डोळे कांद्याने वाहत होते. मी डबे मांडायला घेतले.