जड ते खांबावर

मित्रांनो, मी एक जुना सागवानी खांब आहे. खरं सांगायचं तर निम्माच आहे. माझा खालचा तुकडा कुठे गेला ते मला माहीत नाही, बहुधा कुणाच्या तरी बंबात जळला असेल. पण मी कधीकाळी पुरा होतो, आणि गोष्ट सांगायची तर तिथूनच सांगायला हवी.

डांगच्या जंगलात मी वाढलो आणि गलबतातून मुंबईला आलो. गिरगावातल्या एका वाडीत अप्पा नावाचे गृहस्थ दुमजली घर बांधत होते. तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत, अगदी मधोमध, दगडावर त्यांनी मला उभा केला. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. माझ्या डोक्यावर घराची मुख्य तुळई आणि तुळईवर माडीची जमीन. अप्पा हुशार होते, जरा खडूसही होते. माडीच्या फळ्यांत, नेमक्या माझ्या डोक्याच्या जागी, त्यांनी रुंद माथ्याचा एक लोखंडी खिळा ठोकून घेतला. वर राहायला येणाऱ्या प्रत्येक बिऱ्हाडाला ते तो दाखवायचे आणि बजावायचे, "जड ते खांबावर. बाकीची जमीन नुसती चालायला आहे."

वरचं मला दिसायचं नाही, पण वजनावरून सगळं कळायचं. धान्याची कोठी माझ्यावर, पाटा-वरवंटा माझ्यावर, पाण्याचं पिंप माझ्यावर. मे महिन्यात मसाला कांडायचा म्हटलं की उखळ यायचं तेही माझ्याच डोक्यावर. माडीवर जाईबाई राहायची. मालवणकडची बाई, नवरा लवकर गेलेला, खाणावळ चालवून तिने मुलाला वाढवलं आणि गोदीत कामाला लावलं. मुलाचं लग्न झालं, शकू सून म्हणून घरात आली, तेव्हा पहिल्याच दिवशी सासूने तिला खिळ्यापाशी नेलं. "हो बघ खिळो. जड काय आसात ता हयसर ठेव गो. खाली खांब आसा, तो आमका सांभाळता." माझं कौतुक माझ्या कानांनी ऐकलं ते तेवढंच. मला ते जन्मभर पुरलं असतं.

पुढे अप्पा वारले. मुलाला घरात काडीचा रस नव्हता, त्याने ते विकायला काढलं आणि चिंतामणरावांनी घेतलं. फोर्टातल्या एका कचेरीत ते हेडक्लार्क होते. आजोबांच्या वेळच्या जमिनी कधीच गेलेल्या, त्यामुळे स्वतःचं म्हणावं असं हे पहिलंच घर. पत्नी सुमतीबाईंच्या पाटल्या त्यात गेल्या, आणि दोघं तळमजल्यावरच्या मागच्या खोल्यांत राहायला आली. चिंतामणराव माणूस वाईट नव्हते, हे मी आधीच सांगून टाकतो. नवखे होते, आणि भित्रे होते.

नवख्या माणसाला पडायला हवेत ते सगळे प्रश्न त्यांना पडले. कागदपत्रं स्वच्छ आहेत ना? भाडेकरू भाडं थकवतात का? वाळवी लागली आहे का? आधी कौलं शाकारावीत की आधी रंग द्यावा? वकिलाला विचारलं, दलालाला विचारलं, साडूला विचारलं. मलासुद्धा टिचकी मारून बघितलं. घर बघायला ते जिना चढून माडीवरही गेले होते, पण बुटांच्या नाड्या कोण सोडणार? उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी मान आत घातली, "ठीक आहे, ठीक आहे," म्हणाले आणि खाली आले. तो खिळा त्यांनी पाहिलाच नाही.

घर घेतलं की घराने आपल्याला पोसावं असं वाटणारच. एक डॉक्टर पुढच्या महिन्यापासून तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत दवाखाना थाटायला तयार झाले. त्यांची अट एकच होती, मधला खांब नको. चिंतामणरावांनी दौलत मिस्त्रीला बोलावलं. दौलत म्हणाला, "काढू की. आडवा लोखंडी गर्डर टाकायचा, मग खांबाचं काय काम?"

गर्डर कॉटन ग्रीनच्या वखारीत होता आणि सोमवारी यायचा होता. दौलतची माणसं मात्र शनिवारीच मोकळी होती, पुढे त्यांना परळचं काम होतं. खरं म्हणजे गर्डर येईपर्यंत थांबायचं. पण डॉक्टरांची घाई आणि चिंतामणरावांची त्याहून जास्त. "मग आत्ताच काढतो," दौलत म्हणाला. "खाली दोन बल्ल्यांचा टेकू देतो, दोन दिवस निघतील. वरती तेवढं सांगा शेठ, मधोमध जड काही ठेवायचं नाही."

"सांगतो," चिंतामणराव म्हणाले.

मी जागचा हलेना, म्हणून मला कमरेत कापला. करवत अंगातून जाते तेव्हा काय होतं ते सांगून तुम्हाला त्रास देत नाही. दोन्ही तुकडे अंगणातल्या नळापाशी आणून टाकले. तो दिवस संक्रांतीचा होता. संध्याकाळी शकू वाटी घेऊन माडीवरून खाली आली आणि नव्या मालकाच्या हातावर तिने तिळगूळ ठेवला. सांगायला याहून चांगली वेळ कुठली? पण दलालाने त्यांच्या मनात भरवून ठेवलं होतं, की भाडेकरूंना काही विचारत बसू नका, विचारलं की डोक्यावर बसतात, काम अडवतात, कोर्टात जातात. चिंतामणरावांनी तिळगूळ तोंडात टाकला आणि गोड हसले.

सोमवारी लॉरी मिळाली नाही, उद्या बघू असा निरोप आला. त्या संध्याकाळी रेडिओवर बातमी झाली, मुंबई महाराष्ट्राला नाही, ती केंद्राकडे राहणार. छप्पन सालचा जानेवारी होता तो. सगळी वाडी अंगणात आली. चिंतामणराव एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी तेही ओरडत होते. "आम्ही राहतो इथे. आम्हाला न विचारता ठरवतात म्हणजे काय?" ते म्हणत होते. त्यांचा संताप खरा होता. मला त्यांचं म्हणणं पटलंही होतं.

मग मुंबई पेटली. दगड, अश्रुधूर, गोळीबार, कर्फ्यू. गर्डर कॉटन ग्रीनलाच राहिला, दौलत परळला अडकला, जाईबाईचा मुलगा गोदीत अडकला. वाडीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी, त्यामुळे अंगणातल्या नळावर यायचीही चोरी. कर्फ्यू थोडा उठला की बायका धावत यायच्या आणि असेल त्या भांड्यात पाणी भरायच्या. माझ्या पाठीवर हंडे टेकवले जात; खालच्या खोलीत शकू कधी आली नव्हती, नळापाशी पडलेलं लाकूड म्हणजे मीच, हे तिला कुठून कळणार? शकू सारखी भरून नेत होती. हंडे, कळशा, बादल्या, शेजारणीकडून मागून आणलेलं दुसरं पिंप. ते सगळं वर कुठे जात होतं, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

चिंतामणराव दारात उभे राहून बघत होते. "शकू, एवढं पाणी कशाला?" त्यांनी विचारलं.

"कर्फ्यू वाढला तर, मालक? खाणावळीची माणसं वरच अडकलीत. आई म्हणतात, मिळेल तेवढं भरून ठेव."

त्यांचे ओठ हलले. नळावर चार बायका होत्या, सगळ्यांचे कान टवकारलेले. "बरं, बरं," ते म्हणाले आणि आत गेले. मित्रांनो, खांबाला वाचा नसते याचं दुःख मला तेव्हा झालं, तसं आधी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळई करकरली. सुमतीबाईंनी खोलीत जाऊन पाहिलं तर एक बल्ली तिरकी झाली होती. त्या बाहेर अंगणात आल्या. "अहो, वर सांगितलंत का?"

"गर्डर आला की सांगू. उगीच घाबरतील."

सुमतीबाईंनी पदर खोचला. "दिल्लीवाल्यांनी आपल्याला विचारलं नाही म्हणून चार दिवस तळमळताय. तुम्ही विचारलंत का कुणाला?" एवढं बोलून त्या स्वतःच जिना चढायला लागल्या.

त्या अर्ध्या जिन्यात होत्या. शकू नळावर होती, हंडा माझ्या पाठीवर होता. आत काहीतरी मोडल्याचा आवाज आला, मग दुसरा, मोठा, आणि दारातून धुळीचा लोट बाहेर आला. मागोमाग पाणी आलं. तेवढं पाणी मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. ते उंबरा ओलांडून अंगणात आलं आणि माझ्या खालून वाहत गेलं.

खाणावळीची माणसं गॅलरीत बसली होती, म्हणून वाचली. जाईबाई चुलीवर भात ठेवायला पिंपातून पाणी घेत होती. घरातली सगळ्यांत भक्कम जागा म्हणून ती जिथे निर्धास्त उभी राहायची, तिथेच ती उभी होती. पिंपं तिच्या अंगावर आली. तिला बाहेर काढलं तेव्हा श्वास नव्हता.

कर्फ्यूत अंत्ययात्रेला परवानगी मिळाली ती खांदा देणाऱ्या चौघांपुरती. मुलापर्यंत निरोपच पोचला नाही. खाणावळीतले तिघे पुढे झाले. चौथे म्हणून चिंतामणराव आले आणि बांबूला हात लावणार तेवढ्यात शकू म्हणाली, "तुम्ही नको." ती ओरडली नाही. चौथा खांदा वाडीतल्या दूधवाल्या भय्याने दिला.

कर्फ्यू उठला आणि गर्डर आला. तो बसवला, माडीला नव्या फळ्या घातल्या. डॉक्टर आले नाहीत, आणि चिंतामणरावांनी त्यांना पुन्हा बोलावलंही नाही. शकू आणि तिचा नवरा माडीवरच राहतात. जाणार कुठे? गर्डर मला विचाराल तर चांगला भक्कम आहे. तरी शकू मधोमध काही ठेवत नाही. पिंप भिंतीकडे, पाटा भिंतीकडे, मधली जागा मोकळी. चिंतामणरावांशी ती आजही बोलत नाही.

माझा वरचा तुकडा चिंतामणरावांनी कुणाला नेऊ दिला नाही. त्यांनी तो जिन्याच्या पायथ्याशी आडवा टाकला आहे. घरात एक खिळा जरी ठोकायचा असला तरी ते आधी माझ्यावर बसतात, बुटांच्या नाड्या सोडतात आणि अनवाणी वर जाऊन विचारतात. पुष्कळदा दार उघडत नाही. मग थोडा वेळ थांबून ते खाली येतात आणि परत माझ्यावर बसतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, घरं घ्याल, ती हौसेने नवी कराल. कागद बघा, कौलं बघा, भिंतींना टिचक्या मारा. पण काही पाडायच्या आधी बूट काढून वर जा. तिथे कुणीतरी बाई राहत असेल. जड सामान ती कुठे ठेवते, एवढं तिला विचारा.