देवीडॉक्टर मुखरू

"एकबी पोट्टं नाई?" मुखरूने शाळेच्या दारातच पेटी खाली ठेवली.

"काल कोतवालानं दवंडी देल्ली, आन् आज सकाळी शाळा रिकामी," नथ्थू गुरुजी मान खाली घालून म्हणाले. "कोणी घरात लपवले, कोणी जंगलात नेले. मायबापच आयकत नाई, तं मी काय करू भाऊ?"

मुखरू भिंतीला टेकून बसला. कुरखेड्याहून पाच कोस चालून त्याचे पाय भरून आले होते. चांदा जिल्ह्यात देवीची लस टोचत फिरण्यात त्याची बावीस वर्षं सरली होती. तो दिसला की लोक दारं लावून घेत. टोचल्यावर दंड सुजतो, ताप येतो. देवी कोपते, असं त्यांचं म्हणणं. पूर्वी तो ओट्याओट्यावर बसून समजावत असे. आताशा पटावरच्या नावांपुढे 'गैरहजर' लिहायचा आणि पुढच्या गावाची वाट धरायचा.

मागल्या पौषात याच पळसटोल्यात त्याने तेच केलं होतं. शकुबाईचं दार बंद होतं. आतून लहान पोरीचा खोकला ऐकू आला, मग एकदम थांबला. त्याने कडी वाजवली नाही. थकला होता. चैतात गावात देवी आल्या आणि शकुबाईची सात वर्षांची सोमारी गेली. ही बातमी त्याला बाजारात कळली. त्यानंतर कितीतरी दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही.

आजही त्याने टाक शाईत बुडवला. तेवढ्यात दारात सावली पडली. शकुबाई उभी होती. पदर कमरेला खोचलेला, कडेवर धाकटा जंगू.

"याले टोचा, डाक्तर."

मुखरूला तिच्याकडे पाहवेना. "बाई," तो म्हणाला, "मागल्या साली मी तुमच्या दारात उभा होतो. पोरगी आत होती, मले समजलं होतं. तरी गेलो."

"मले मालूम हाय." तिचा आवाज चढला नाही. "तुमी खोकला आयकला. मीच तिच्या तोंडावर हात ठेवला होता."

गुरुजी उठून बाहेर गेले. मुखरूने जंगूचा दंड पुसला, लस लावली, टोचलं. पोर किंचाळलं. शकुबाईने त्याला छातीशी धरलं, शांत होऊ दिलं आणि म्हणाली, "थांबा इथीच. जाऊ नोका."

ती घरोघर गेली. काय बोलली, ते मुखरूला कळलं नाही. पण दुपार कलायच्या आत आया येऊ लागल्या, पोरांची मनगटं घट्ट धरून. जंगलात गेलेले दोघे बाप खांद्यावर पोरं घेऊन परतले. शकुबाई एकेकाला मांडीवर घेऊन बसे. "ताप येईन, भेऊ नोका," ती आयांना सांगे. "खपली खाजवू देऊ नोका. शेण नाई, हळद नाई, कायीच लावू नोका."

हे सगळं मुखरू वर्षानुवर्षं सांगत आला होता. कोणी ऐकलं नव्हतं.

पटावरच्या तीस पोरांपैकी सव्वीस झाली. मुखरूने सुया उकळून पुसल्या, उरलेल्या लसीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या. उठताना गुडघ्यात कळ आली.

"आता कोन्त्या गावले?" शकुबाईने विचारलं.

"नदीपल्याडच्या टोल्यावर. तिथी तं मले पाहून दगड घेतेत."

"तिथी माई बहीण देल्ली हाय. तीन लेकरं हायत तिले."

तिने जंगूला सासूच्या स्वाधीन केलं. मुखरू नको म्हणेपर्यंत पेटी उचलून डोक्यावर घेतली आणि धानाच्या बांधावरून चालू लागली. थोडं पुढे गेल्यावर तो मागे पडलेला दिसला, तशी ती थांबली. तो जवळ येईपर्यंत थांबली, मग त्याच्या चालीने चालू लागली.