लाल पेटीतलं पाकीट

पगाराच्या दुपारी चादरी धुण्याच्या कारखान्याच्या फाटकाशी पुन्हा तीच झुंबड उडाली होती. टेबलावर लाल पेटी आणि पेटीमागे कनवाळू. हे नाव बायकांनीच ठेवलेलं, कारण तो पाच मिनिटांत पैसे द्यायचा आणि वर पोरंबाळं कशी आहेत म्हणून विचारायचा.

"जुनं कर्ज पेटीत टाका, नवं कर्ज घेऊन जा!" तो ओरडत होता. "व्याज? छे छे, तो शब्द माझ्या तोंडी नाही! फक्त सहाशे सेवाशुल्क. आहे का दुसरा कुणी असा देवमाणूस?"

एका बाईनं पाच हजार पेटीत टाकले, सहाशे त्याच्या हातात दिले. कनवाळूनं टिचकी वाजवली नि पेटीखालून बंद पाकीट काढलं. आत पाच हजार! गर्दी हरखली. दर पंधरवड्याला बघूनही हरखायचीच.

शाईवाली भिंतीला टेकून उभी होती. एकवीस वर्षं चादरींच्या कोपऱ्यांवर न जाणाऱ्या शाईची खूण घालून तिची बोटं काळी पडली होती. या गर्दीचा तिला आता रागही येईनासा झाला होता. काळजी मात्र होती. तिची धाकटी बहीण, जी इथेच इस्त्रीवर होती, आज दुप्पट कर्ज घेऊन शिलाई मशीन तारण लिहून देणार होती. मशीन गेलं की घरची शिलाई बंद, आणि लेकीचं शिक्षणही बंद.

"ताई, त्याच्याकडे माझं नाव चांगलं आहे," मघाशी पगार हातात पडल्यावर धाकटी म्हणाली होती. "अकरा वेळा फेडलंय मी कर्ज." आणि तिनं पिशवीतून अकरा हिरव्या चिठ्ठ्या काढल्या.

शाईवालीनं कपाळाला हात लावला. कारखान्यात हिरवी चिठ्ठी म्हणजे गठ्ठा धुतला, तपासला, विषय संपला. ती कुणी वाचत बसत नाही. कनवाळूनं पावतीला नेमका तोच रंग निवडला होता. शाईवालीनं एक चिठ्ठी खुणा तपासायच्या भिंगाखाली धरून बारीक अक्षरं वाचली: 'मुद्दल येणे बाकी. मुदत पंधरा दिवस वाढवली.'

"फिटलं नाही गं बाई. सहा हजार सहाशे देऊन बसलीस, आणि पाच हजार आहेत तिथेच आहेत."

"असं कसं? मी दर वेळी परत देते की! तो नवे देतो."

वाद घालायचं त्राण शाईवालीत नव्हतं. तिनं बहिणीच्या दहा नोटांच्या कोपऱ्यांवर एकेक काळा ठिपका ठेवला.

आता धाकटीचा नंबर आला. नोटा पेटीत पडल्या, सहाशे त्याच्या हातात गेले, टिचकी वाजली, पाकीट निघालं. "हे नवे पाच हजार. इथे सही करा, म्हणजे आणखी पाच!"

"थांब," शाईवाली पुढे झाली. "पाकीट इथेच फोड."

दहा नोटा, दहा ठिपके. "ही माझी शाई. शंभर धुलाया झाल्या तरी जात नाही." तिनं पेटी उलटी केली. पेटीला तळच नव्हता. खाली उघडं पाकीट अडकवायची खाच तेवढी होती. वरून टाकलेल्या नोटा त्याच पाकिटात पडत होत्या, आणि बाहेर काढताना तो ते बंद करत होता. "तुझे पैसे कुठे गेलेच नाहीत. गेले ते सहाशे, त्याच्या खिशात."

"म्हणजे वर्षाचे चौदा हजार चारशे?" बॉयलरवाला पुटपुटला. "पाच हजारांवर?"

कनवाळू जराही ओशाळला नाही. "पेटी म्हणजे आपली गंमत हो, ताई. कागद खरा, सही खरी. मी कुठला कायदा मोडला, तेवढं सांगा."

कुणालाच सांगता येईना, कारण तसा कायदाच नव्हता.

धाकटीनं नोटा त्याच्याकडे सरकवल्या. "सही नाही करत मी. हे घ्या आणि हिशेब मिटला म्हणून लिहून द्या. मोठ्या अक्षरांत."

"आणि पंधरा दिवस खाणार काय?" कनवाळूनं मायेनं विचारलं.

"माझ्याकडे जेवेल," शाईवाली म्हणाली. "ती नि तिची लेक, दोघी."

आणखी तिघी रांगेतून बाहेर पडल्या. बाकीच्या तशाच उभ्या राहिल्या. एकीला आजच औषधं घ्यायची होती. शाईवालीनं त्यांना बोल लावला नाही. पेटीतली गोम त्यांनाही कळली होती, पण औषधवाला उधार देत नव्हता.

म्हणून दुसऱ्या दिवशी ती अर्ज घेऊन सरकारी कचेरीत गेली. अर्ज साधाच होता. एकूण किती फेडायचं ते पावतीवर ठळक लिहा. शुल्काला मर्यादा घाला. मुदत वाढवून वाढवून तेच कर्ज पुन्हा विकू देऊ नका. अडलेल्या माणसाला हिशेब सुचत नाही, म्हणून तो आधीच कायद्यात मांडून ठेवा. खाली त्रेचाळीस अंगठे नि सह्या होत्या.

कारकुनानं कागद उलटसुलट करून पाहिला. "खोडता येईल अशी शाई वापरायची हो. अर्जात बदल करावे लागतात."

"माहीत आहे," शाईवाली म्हणाली. "म्हणूनच ही आणली."