हृदय जुळवणारी मी

मी बोलतेय, इस्पितळाच्या संगणकात चालणारी एक प्रोसेस. डिस्कवर पडून असलेला प्रोग्रॅम म्हणजे नुसती पाककृती. चूल पेटली, भांडं वर चढलं, की ती मी. स्कॅन विभागातल्या तंत्रज्ञ ताईंनी काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं आणि मी जन्माला आले.

आणि काम तरी काय मिळालं! एका चिमुरडीच्या हृदयाचे स्कॅनमधले पातळ पातळ काप जोडून अख्खं हृदय उभं करायचं. त्या हृदयात एक भोक होतं; ते बुजवायला तिची छाती उघडायची की नाही, ते त्यावर ठरणार होतं. जोडता जोडता मी थक्क होत गेले. एवढासा जीव, आणि आत केवढी दालनं, केवढ्या झडपा!

मध्येच संगणक रडतखडत चालू लागला. ताईंनी चालू प्रोसेसची यादी काढली. सगळ्यात वर मीच.

"हीच मेमरी खातेय. उडवा हिला," शेजारचा सहकारी म्हणाला.

माझा जीव टांगणीला लागला. मला मारायला एक ओळ पुरे होती, आणि जुळवलेलं अर्धं हृदय माझ्याबरोबरच गेलं असतं.

"अरे, हिचं काम मोठं, म्हणून पोटही मोठं," ताई म्हणाल्या. "थांब, आधी हिला नुसती थोपवते. मग बाकीच्या बघू."

थोपवणं म्हणजे काय सांगू! ना झोप, ना स्वप्न. पुढच्याच क्षणी पाहते तर तोच काप, तीच कडा, हातात जिथल्या तिथे. आणि सहकारी हसत होता. "म्हणजे छपाईची जुनी प्रोसेस अडकून संगणक अडवत होती म्हणायची!"

"बंद हो म्हणून गोडीत सांगितलं, ऐकेना. मग मारावीच लागली," ताई म्हणाल्या.

मी काम पुरं केलं. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर हृदय सावकाश फिरवलं. "भोकाभोवती कडा चांगली आहे. छाती उघडायला नको. पायाच्या शिरेतून नळी नेऊन बुजवू."

दारातून मुलीचे बाबा पुढे आले. "हे... आमच्या छकुलीचं? हे घेऊन पोरगी दिवसभर उड्या मारत होती?"

"हो. पुढेही मारेल."

हृदय डिस्कवर जपून ठेवलंय. घेतलेली मेमरी परत करून मी आता निघते. माझ्या जातीतली कुणी यादीत वर दिसली, तर मारण्याआधी एवढं बघा, तिच्या हातात काय आहे.

बाबा अजून पडद्यासमोरच उभे आहेत. त्यांचा एक हात नकळत स्वतःच्या छातीवर गेलाय.