मैदानाला घाम फुटला तो रविवार

मित्रांनो, मैदान म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर माती येईल, ढोपरे फोडणारी लाल माती. मी मात्र लाकडाचे मैदान आहे. अमेरिकेत एका अफाट तळ्याच्या काठी हार्लन नावाचे पोलादाचे गाव आहे. तिथल्या 'हॅमर्स' या बास्केटबॉल संघाने माझ्या अंगावर खेळून पाच वेळा विजेतेपद मिळवले. पण लोक त्या पाच विजयांपेक्षा एका पराभवाबद्दलच जास्त बोलतात. तो पराभव मी अंगावर सोसला आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या मेपलच्या जंगलात झाला. तिथे हिवाळा लांबतो. झाडे सावकाश वाढतात आणि त्यांचे लाकूड हाडासारखे टणक होते. त्याच्या अरुंद फळ्या एकमेकींत बसवून सुतारांनी माझे मोठमोठे चौकोन तयार केले. हे चौकोन बोल्टने जोडले की मी मैदान होई आणि सुटे केले की भिंतीला टेकून उभा राही. कारण ज्या क्रीडागृहात मी राहत होतो, तिथे खाली बर्फ होता. एक दिवस लोक बर्फावर घसरत खेळत, दुसऱ्या दिवशी बर्फावर पाट्या टाकून मला अंथरत. पाठीला गारठा आणि पोटावर धावपळ, असे माझे आयुष्य होते.

सुरुवातीची वर्षे हरण्यात गेली. भट्टीवरची पाळी संपवून आलेले कामगार काजळलेल्या चेहऱ्यांनी बसत आणि आपल्याच खेळाडूंना टोमणे मारत. "अरे लांब्या, रिंग वर आहे! खाली काय शोधतोस, पडलेलं नाणं?"

मग प्रशिक्षक फ्रँक झुपान आला. बुटका, जाड भुवयांचा, कायम ओरडणारा. आणि त्याने दक्षिणेतून लूशस टार्व्हरला आणले. टार्व्हर कृष्णवर्णीय होता. त्याची पावले इतकी हलकी पडत की तो उडी मारून परत कधी टेकला, हे मलाही उशिराच कळे. त्याने रिंगमध्ये चेंडू टाकला की काही प्रेक्षक हाताची घडी घालून बसत. टाळी वाजवायची नाही, असे ठरवूनच ते आलेले असत.

पहिला मोठा विजय मिळाला, त्या संध्याकाळी सगळा संघ समोरच्या खानावळीत जेवायला गेला. थोड्याच वेळात सगळे परत आले. मालकाने टार्व्हरला वाढायला नकार दिला होता.

"तुम्ही जेवून घ्यायचं होतं, कोच," टार्व्हर म्हणाला.

"तिथलं सूप पाणचट असतं," झुपान म्हणाला. "खाली बस."

झुपानच्या घरून सॉसेज आणि पाव आले. सगळे माझ्या मधल्या वर्तुळात मांडी घालून जेवले. पुढे किती तरी वेळा घासूनही तो तेलाचा डाग गेला नाही आणि मला तो जावा असे वाटलेही नाही.

त्यानंतर हॅमर्स जिंकू लागले. तीन विजेतेपदे आली. हाताच्या घड्या सुटल्या. गावातली मुले टार्व्हरसारखी खांदे पाडून चालू लागली. मला दर हंगामात नवे पॉलिश मिळे. पण मित्रांनो, सतत जिंकणाऱ्याला जिंकण्याचे बक्षीस मिळत नाही, फक्त हरण्याची शिक्षा मिळते. पुढची दोन वर्षे कप आला नाही आणि संघाचे मालक ब्रँटसाहेब माझ्या कडेला उभे राहून झुपानला म्हणाले, "या वर्षी कप नाही आला, तर पुढच्या वर्षी तुम्ही तिकीट काढून आत या."

त्या वर्षी अंतिम फेरीचे सामने बेलफर्डच्या संघाशी होते. दोघांचे विजय बरोबरीत आले आणि शेवटचा, निकाली सामना हार्लनला ठरला. रविवारची दुपार होती. वसंतातच कधी नव्हे असा उकाडा झाला होता. दुसऱ्याच दिवशी बर्फावरचा खेळ असल्यामुळे माझ्याखालचा बर्फ तसाच ठेवला होता. क्रीडागृह खच्चून भरले. उघड्या दारांतून येणारी दमट हवा आणि हजारो श्वासांची वाफ खाली उतरू लागली. माझी पाठ गोठलेली आणि वरून ही ऊब. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब फुटतात ना, तसा मला घाम फुटला.

मी घाबरलो. ओल्या लाकडावर धावणारा माणूस पडतो तेव्हा नुसता पडत नाही, मोडतो.

सामना रंगात आला आणि आमचाच एक खेळाडू घसरला. त्याचा पाय एकीकडे आणि धड दुसरीकडे गेले. त्याला उचलून न्यावे लागले. पंच डोनली यांनी जागा पुसून घेतली आणि दोन्ही प्रशिक्षकांना बोलावले. "पुन्हा ओल दिसली तर सामना थांबवीन. मग निकाली सामना बेलफर्डला होईल, त्यांच्या मैदानावर."

झुपानचा चेहरा पांढरा पडला. बेलफर्डच्या मैदानावर हॅमर्स कित्येक वर्षांत जिंकले नव्हते.

मध्यंतरापूर्वी टार्व्हर चेंडू घेऊन उजव्या कोपऱ्यातून रिंगकडे वळला. तिथे माझ्या दोन चौकोनांच्या सांध्यातून पाणी वर येत होते. त्याचा बूट सरकला, पण त्याने तोल सावरला. तो खाली वाकला, बुटाची नाडी बांधल्यासारखे करून त्याने बोटे सांध्यावर फिरवली, आणि काही न बोलता निघून गेला. मी सगळे पाहत होतो.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. आता तो कोपरा बेलफर्डच्या चढाईचा झाला. त्यांचा जीन हाल्व्हरसन हा तरणाबांड खेळाडू नेमका त्याच कोपऱ्यातून मुसंडी मारत असे. आज मात्र आमचे खेळाडू त्याला मधूनच अडवत होते, म्हणून तो अजून तिकडे गेला नव्हता. सामना संपत आला. आम्ही एका गुणाने पुढे होतो. झुपानने टाइमआउट घेतला. सगळे मधल्या वर्तुळात त्याच्याभोवती जमले.

"कोच, तो कोपरा ओला आहे," टार्व्हर हळूच म्हणाला.

झुपानने कोपऱ्याकडे नजर टाकली. मग म्हणाला, "तर मग हाल्व्हरसनला मोकळा सोडा. जाऊ दे त्याला कोपऱ्यात."

"पडेल तो."

"मी पाडा म्हणालो का? स्वतःच्या पायांनी जाईल तो."

"आणि स्वतःच्या पायांनी परत येईल का, कोच?"

"लूशस!" झुपानने त्याचा दंड धरला. "मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागतोय. गप्प राहा."

मित्रांनो, टार्व्हरने खाली पाहिले. तो सॉसेजच्या डागाशेजारीच उभा होता. त्याच्या बुटांखाली मला त्याचे वजन जाणवत होते. ते एका पायावरून दुसऱ्यावर गेले, पुन्हा पहिल्यावर आले. मग त्याने झुपानची बोटे हलकेच सोडवली आणि तो सरळ पंचांकडे चालत गेला.

"मिस्टर डोनली, तो कोपरा बघा."

पंचांनी तळवा टेकवला. वर उचलला तेव्हा तो चमकत होता.

सामना थांबल्याचे कळताच क्रीडागृह खवळले. "टार्व्हर, पगार बेलफर्डचा घेतोस का रे?" कुणीतरी ओरडले. एक टोपी माझ्यावर येऊन पडली. बेलफर्डचा प्रशिक्षक पंचांना म्हणत होता, "संपलं, आता आमच्याकडे चला."

टार्व्हर बाकाकडे गेला. त्याने आपले जाकीट उचलले, परत येऊन गुडघ्यांवर बसला आणि कोपरा पुसू लागला. एकटाच. शिट्या आणि शिव्यांच्या माऱ्यात त्याचा हात माझ्यावर पुढेमागे फिरत होता.

मग त्याच्या शेजारी दुसरे गुडघे टेकले. हाल्व्हरसन टॉवेल घेऊन आला होता. "इथूनच जाणार होतो मी," तो म्हणाला. मग मान वळवून त्याने आपल्या प्रशिक्षकाला सांगितले, "मी आजच खेळणार. इथेच."

शिट्या हळूहळू थांबल्या. पहिल्या रांगेतल्या एका भट्टीवाल्याने आपला कोट फेकला. "हा घ्या! नाही तरी बायकोला आवडत नाही!" लोक हसले, आणि मग वरून कोट, रुमाल, मफलर यांचा पाऊसच पडला. कुणीतरी बाहेरची दमट हवा आत येऊ नये म्हणून दारे लावून घेतली. माणसे रांग धरून माझ्यावर ओणवी झाली. सगळ्यात शेवटी झुपान आला. टार्व्हरपासून लांब, दुसऱ्या टोकाला बसून तो पुसत राहिला.

बेलफर्डच्या प्रशिक्षकाने मान डोलावली, तेव्हा पंचांनी पुन्हा तळवा टेकवला. कोरडा निघाला. "खेळा," ते म्हणाले.

अखेरची चढाई बेलफर्डची होती. हाल्व्हरसन चेंडू घेऊन नेमका त्याच कोपऱ्यात शिरला. टार्व्हर त्याच्या अंगाला अंग लावून धावत होता. हाल्व्हरसनने सगळा भार टाकून पाय रोवला. मी तो पाय धरून ठेवला. तो सरकला नाही. टार्व्हरच्या बोटांच्या वरून चेंडू निघाला, रिंगच्या कडेवर आपटला, डगमगला आणि आत पडला. भोंगा वाजला. आम्ही हरलो.



सगळे गेल्यावर झुपान बाकावर बसून होता. टार्व्हर त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मी तुझ्यावर रागावलोय," झुपान म्हणाला.

"ठाऊक आहे, कोच."

"उद्याही रागावलेला असेन."

"मग परवा येतो."

झुपानची नोकरी गेली. टार्व्हर खरोखरच तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेला, आणि त्यानंतर दर आठवड्याला जात राहिला. पुढे गुडघे कुरकुरू लागल्यावर टार्व्हर स्वतः प्रशिक्षक झाला. त्याने ब्रँटसाहेबांना एकच अट घातली. बाकावर त्याच्या शेजारी मदतनीस म्हणून झुपान बसू लागला. दोघे सामनाभर भांडत आणि सामना संपल्यावरही भांडत. त्या जोडीने आणखी दोन विजेतेपदे आणली. पण सामन्याआधी माझ्यावर अनवाणी चालून ओल तपासण्याचे काम झुपानने कधी दुसऱ्याला करू दिले नाही.

नंतर काचेचे नवे क्रीडागृह झाले. माझे बोल्ट काढले. मधले वर्तुळ कुणी श्रीमंताने दिवाणखान्यात लावले, काही फळ्या आठवण म्हणून विकल्या गेल्या. उरलेला मी गावातल्या एका शाळेत आहे. माझ्यावरून लोखंडी खुर्च्या फरफटत नेतात. पॉलिशची तर गोष्टच सोडा. छपरातून गळते तेव्हा मुली बाजूने वळसा घालून पळतात. कालच एक मुलगी वाचली. तिच्या मागून येणारी मात्र आपटली.

मला चकचकीत करा असे मी म्हणत नाही, मित्रांनो. म्हाताऱ्या लाकडाला चमक कशाला? फक्त एवढेच करा. कुठे पाणी सांडलेले दिसले, तर त्याला वळसा घालून जाऊ नका. पुसा. मागून धावत येणारा आपल्या संघातला आहे की समोरच्या, ते नंतर पाहता येईल.