धरून चाला

स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकलं. पुढच्या दोघांनी उचलून पाहिलं, मागच्या दोघांनी तिरकं करून पाहिलं, भिंतीचा रंग खरवडून निघाला, पण ते काही वर जाईना. वरच्या खोलीत नामदेव म्हात्रे नाकात प्राणवायूची नळी घालून खाटेवर बसले होते आणि ही सगळी गंमत ऐकत होते. शेतजमीन गेल्यावर हे घर त्यांनीच उभं केलं होतं. खाली भाडेकरू, वर आपण. भाड्याची आणखी एक खोली निघावी म्हणून जिना तेवढा आखडता घेतला होता.

"जिना माजाच हाय, सायेब," ते वरून ओरडले आणि खोकले. "तिरडीपन वळायची नाय त्यात."

"शुभ बोला की जरा!" त्यांची बायको गोजराबाई खेकसली.

सुचिता, त्यांची सून, स्वयंसेवकांचं पिवळं जाकीट घालून जिन्यात घामाघूम उभी होती. गावाला लागून मासळी गोठवायची कंपनी. तिथला अमोनिया कधी सुटला तर गावाने काय करायचं, याचं त्या रविवारी मॉक ड्रिल होतं. त्यासाठी ती दारोदार फिरली होती. भोंगा वाजला की ओलं फडकं नाकाला, दारं बंद, वाऱ्याच्या आडव्या दिशेने शाळेच्या मैदानावर. हे तिने पोराटोरांकडून पाठ करून घेतलं होतं. गाव हसलं होतं, पण मैदानावर आलं होतं. आता राहिले होते ते तिचेच सासरे.

कंपनीचे सेफ्टी ऑफिसर देवस्थळी नेरूळहून आले होते. सभ्य माणूस, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं. मैदानावर फोटोवाले खोळंबले होते.

"असू दे. आजोबांना खाली आणलं, असं धरून चाला."

"पण साहेब, खरंच वेळ आली तर?"

"तेव्हा करू काहीतरी. आत्ता टेन्शन नको."

"आन् माज्या मानसाला कोनी परक्यानं हात लावायचा नाय," गोजराबाईने वरून बजावलं. "सांगून ठेवते."

सुचिताने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. नामदेव म्हात्रे मैदानावर पोचले, असं तिने सांगितलं. पलीकडे टाळ्या वाजल्या.

संध्याकाळी म्हाताऱ्याने खोलीतून हाक मारली. "सुचिते, माजा चा मैदानाव पाठव गं. मी तितंच हाय ना?"

हसता हसता त्यांना धाप लागली, तरी हसायचे थांबेनात. मग घरात ती खोडच लागली. कालवणात मीठ विसरलं, तर मीठ घातलंय असं धरून चाला. सुचिताचा नवरा तेजस उशिरा आला, तर वेळेवर आलाय असं धरून चाला. गोजराबाईलासुद्धा हसू यायचं. सुचिताला मात्र ते दर वेळी कुठेतरी टोचायचं. आज बोलू, उद्या बोलू असं करता करता दिवस गेले, आणि जिन्याचा विषय राहिला तो राहिलाच.

भोंगा वाजला तो मंगळवारी भरदुपारी. आधी डोळे झोंबले, मग तो घशात घुसणारा उग्र वास आला. सुचिताने ओला रुमाल बांधला, जाकीट चढवलं आणि लाउडस्पीकर घेऊन आळीत उतरली. "दारं लावा! मैदानावर चला! पळू नका!" बायका पोरं काखोटीला मारून निघाल्या. भाडेकरू निघाले. सगळं तालमीतल्यासारखं चाललं होतं आणि तिला क्षणभर बरंही वाटलं.

मग तिच्या लक्षात आलं, की आळीत सगळ्या बायकाच आहेत. ड्रिल रविवारी झालं होतं. सासऱ्यांची भिस्त ज्यांच्यावर, ते स्ट्रेचरचे चारही गडी आज कामावर होते. तेजस दिघ्याला.

तिने त्याला फोन लावला. "बाबांना काढायला कुणाला सांगितलंस का?"

"तू आहेस ना तिथे?" तेजसचा आवाज चिरकला. "मला वाटलं, तू काढलं असशील. निघालोच मी!"

दिघ्याहून यायला काय वेळ लागतो ते दोघांनाही ठाऊक होतं.

ती उलट्या पावली घरी धावली. वीज गेली होती, त्यामुळे प्राणवायूचं यंत्र मुकाट पडलं होतं. गोजराबाई नवऱ्याच्या तोंडावर ओला पदर धरून बसली होती. तिच्या स्वतःच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. नामदेवांचे ओठ निळसर पडले होते.

"आई, उठा. न्यायचं त्यांना."

"कसं नेनार गं? कोन हाय न्यायला?"

सुचिताने खिडकीतून शेजारच्या चांगुणाबाईंना हाक मारली. त्या शेवटचं कुलूप लावून निघतच होत्या, आणि त्यांची सून जाई पुढे गेली होती. दोघीही परत फिरल्या. देव त्यांचं भलं करो, परत फिरल्या. अशा वेळी कोण कुणासाठी मागे वळतं?

खाटेवरची जाड गोधडी नामदेवांच्या अंगाखाली सरकवून चौघींनी चार कोपरे मुठीत घेतले.

"धरा," सुचिता म्हणाली. "घट्ट. आता चाला."

गोधडी वळणावर सहज वळली. कापडच ते, दुमडलं आणि निघालं. सुचिताला त्याच पायरीवर रडू फुटलं, कारण हे त्या रविवारीसुद्धा जमलं असतं. मैदानावर चार माणसं थोडा वेळ थांबली असती, इतकंच.

आळीत त्यांना तीनदा खाली ठेवावं लागलं. चांगुणाबाईंची बोटं सुटत होती, जाई खोकून खोकून ओकली. गोजराबाई, जिचे गुडघे जिना उतरतानाही कुरकुरायचे, ती एकदाही थांबा म्हणाली नाही. तिसऱ्यांदा ठेवलं तेव्हा नामदेवांनी डोळे उघडले, चौघींना पाहिलं आणि ओठ हलवले. गोजराबाईने कान नेला.

"काय म्हणाले?"

"इचारतात, मैदानाव पोचलू का."

"पोचलोच बाबा," सुचिता म्हणाली. "हे काय, आलंच."

मैदान अजून दोन आळ्या लांब होतं.

तालमीत अँब्युलन्स आधीपासून उभी होती. आज ती नावडे फाट्यावर अडकली होती. ती मैदानावर आली तेव्हा नामदेवांचा श्वास थांबून बराच वेळ झाला होता. तरुण डॉक्टरने नाडी पाहिली, छाती दाबून पाहिली आणि मान हलवली. आजूबाजूला माणसं डोळ्यांवर पाणी मारत होती, पोरं रडत होती. पण मेलं कुणी नव्हतं. मेले होते ते हे एकटेच.

"पोस्टमॉर्टेमला न्यावं लागेल," डॉक्टर म्हणाला.

देवस्थळी जवळ आले. त्यांचेही डोळे लाल झाले होते. त्यांनी डॉक्टरला हाताने थांबवलं आणि ते सुचिताच्या शेजारी उकिडवे बसले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"ताई, फार वाईट झालं. पण मी घरचा म्हणून सांगतो. फुप्फुसं आधीच गेलेली होती ना? मग उगाच म्हाताऱ्या देहाची चिरफाड कशाला? आईंना सोसवेल का? घरी न्या, सगळं रीतसर करा. आजाराने गेले, असं धरून..."

पुढचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला. सुचिता त्यांच्याकडे बघत होती. तिच्या अंगात ते पिवळं जाकीट होतं, आणि ते जाळून टाकावं असं तिला वाटत होतं. पण माणूस गोजराबाईचा होता. परक्याचा हातही त्याला लागू न देणारी बाई त्याला सुरीखाली कशी देईल? आणि द्या असं आपण कोणत्या तोंडाने सांगायचं?

गोजराबाईने सगळं ऐकलं होतं. तिने पदराने नवऱ्याच्या ओठांच्या कडा पुसल्या आणि कपाळावरचे केस सारखे केले.

"कापतात ना गं तितं?"

"हो, आई."

"मंग कलतं का, कशानं गेला त्ये?"

"कळतं."

अँब्युलन्सचे दोन पोरगे रिकामं स्ट्रेचर घेऊन पुढे आले. म्हातारीने हातानेच त्यांना बाजूला सारलं. मग गुडघ्यावर हात रोवून ती उठली, अँब्युलन्सचं उघडं दार किती लांब आहे ते तिने एकदा नजरेने पाहिलं, आणि वाकून गोधडीचा आपला कोपरा पुन्हा मुठीत घेतला.

"धरा," ती म्हणाली.

सुचिताने धरलं. चांगुणाबाईंनी धरलं, जाईने धरलं. देवस्थळी वाटेतच उभे होते, त्यांना मागे सरावं लागलं.

"चाला."