अनिश्चित वर्गातील अकरा घरे

मी संरचना अभियांत्रिकी शिकवतो. उत्तरात एकक लिहायचे राहिले तर मी विद्यार्थ्याचे गुण कापतो आणि त्रुटीची मर्यादा न देता आकडा मांडला तर पान परत करतो. नांदेडच्या आमच्या महाविद्यालयात हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे पुढचे सांगणे मला जड जाते.

गेल्या हिवाळ्यात माझी एम.टेक.ची विद्यार्थिनी अक्षरा आणि मी किल्लारीच्या पुढच्या एका पुनर्वसित गावात त्रेसष्ट घरांची पाहणी केली. भूकंपानंतर बांधून मिळालेली ही घरे मुळात ठीक होती. प्रश्न होता तो लोकांनी नंतर वाढवलेल्या खोल्यांचा. जुन्या गावठाणात पडलेला दगड ट्रॅक्टरने आणायचा आणि घराच्या मागे एक कोठी बांधायची, ही त्या गावाची रीतच झाली आहे. अशी दगडी भिंत एक दिसली तरी दोन पदरी असते. दोन्ही पदरांना धरून ठेवणारे लांब आडवे दगड आत असले तर ती हादऱ्यात टिकण्याची शक्यता बरी असते. नसले तर पदर सुटतात आणि भिंत झोपलेल्या माणसावर येते. गिलावा झाल्यानंतर आत काय आहे ते बाहेरून कळत नाही.

म्हणून अक्षराने तीन वर्ग केले. धोका असलेली चौदा घरे लाल. दोष न आढळलेली अडतीस हिरवी. आणि गिलावा फोडल्याशिवाय काही सांगता येणार नाही अशी अकरा पिवळी. या वर्गाचे नाव तिने 'अनिश्चित' ठेवले.

त्या अकरांत कमलम्मांचे घर होते. भूकंपात त्यांची सासू आणि थोरली मुलगी गेली. तेव्हापासून त्या छताखाली झोपलेल्या नव्हत्या. बारा महिने अंगणात खाट, पावसाळ्यात चार बांबूंवर ताडपत्री. पाहणीच्या दिवशी मी त्यांना पुनर्वसनाच्या घराची रचना समजावून सांगितली आणि त्यांची भीती निराधार आहे असे जाहीर केले. त्या तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग तुमी झोपा की आत. मी भाईर बरी."

मागच्या कोठीचा गिलावा फोडायला त्यांचा मुलगा अमरनाथ तयार झाला नाही. "सर, पोरीच्या लग्नाला रंग दिलाय, दोन महिने झाले न्हाईत. भिंतीला तेवढा हात लावू नका." मी आग्रह केला नाही. वहीत 'अनिश्चित' लिहिले आणि पुढच्या घरी गेलो.

निष्कर्ष गावासमोर मांडायचे ठरले तेव्हा माझ्याकडे चौतीस स्लाइड होत्या. मी त्या एआय सहायकाला दिल्या आणि लिहिले: गावकऱ्यांना वीस मिनिटांत कळेल असे कर. पहिल्या फेरीत पंधरा झाल्या. मी लिहिले: अजून सोपे. दुसऱ्या फेरीत नऊ झाल्या. शेवटची स्लाइड गावाचा नकाशा होती, प्रत्येक घरासाठी एक ठिपका, लाल किंवा हिरवा. ती देखणी होती आणि मला आवडली, हेही नोंदवले पाहिजे.

नकाशाखाली सहायकाने स्पष्ट लिहिले होते: 'दोनच रंग ठेवण्यासाठी अनिश्चित वर्गातील अकरा घरे हिरव्या रंगात मिळवली आहेत. यामुळे अर्थ बदलतो. ती वेगळी दाखवू का?'

मी ते वाचले. घाईत नव्हतो. उत्तर दिले: 'नको. तोंडी सांगेन.'

गावाकडे जाताना जीपमध्ये अक्षराने लॅपटॉप उघडून नकाशा पाहिला.

"सर, पिवळी कुठे गेली?"

"तोंडी सांगणार आहे."

"अकराही घरं?"

"अक्षरा, लोकांना तीन रंग दाखवले तर ते एकही लक्षात ठेवत नाहीत."

तिने लॅपटॉप मिटला. या विधानाला आधार काय, असे तिने विचारायला हवे होते. तसे विचारायला मीच तिला शिकवले होते.

शाळेच्या खोलीत शंभरेक माणसे होती. सरपंच अण्णाराव दारातूनच म्हणाले, "सर, जरा आटोपतं घ्या. पंगतीची आमटी उकळायलीय, आन बायांना रानात जायचंय." नकाशा पडद्यावर आला आणि खोलीत एकच गलका उठला. जो तो आपले घर शोधू लागला.

"आमचं लाल, आन भावकीचं हिरवं? सर, नकाशा उलटा धरलाय का?"

"उलटा कशाला? तू भिंत चढवताना दारू चढवली होतीस, ते दिसलंय त्यांना!"

हशा ओसरत असताना मागच्या बाजूने कमलम्मा उठून उभ्या राहिल्या. माना मागे वळल्या. त्यांचा अंगणातला मुक्काम सगळ्या गावाला माहीत होता.

"माजं घर कोन्त्या रंगात हाय?"

मी नकाशाकडे पाहिले. ठिपका हिरवा होता.

"हिरव्यात," मी म्हणालो.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. अक्षरा माझ्याकडे पाहत होती. नंतर मी एक वाक्य बोललो: "काही घरांची अजून बारकाईने पाहणी करावी लागेल." तोवर माणसे ताटांकडे निघाली होती. पुढचे काही आठवडे मी या वाक्याचा आधार घेतला. मी ते उच्चारले होते, एवढेच त्यात खरे होते.

पंधरा दिवसांनी फोन आला. "सर, मी शिवकांता, अमरनाथची बायको. लई उपकार झाले बगा तुमचे. अव्वा, आमच्या सासूबाई, घरात झोपायल्यात."

"कुठल्या खोलीत?"

"मागच्या कोठीत, दगडाच्या. मी म्हनले पुढं झोपा, तर म्हनल्या तिथं गार वाटतं. सरांनी हिरवं सांगितलंय, आता कुठंबी झोपीन म्हनल्या."

त्या क्षणी सांगता आले असते. मी म्हणालो, "बरं झालं."

त्यानंतरचे चार दिवस मी एक गणित करत होतो: त्या पट्ट्यात कोणत्याही एका दिवशी भिंत पडण्याजोगा हादरा बसण्याची शक्यता किती? उत्तर अतिशय लहान येते. गणित बरोबर होते. मी ते तीनदा तपासले आणि त्याचा मला काहीही उपयोग झाला नाही. पाचव्या दिवशी अक्षराला फोन करून त्या अकरा घरांची यादी मागितली. ती एका मिनिटात आली. तिच्याकडे तयारच होती.

रविवारी सकाळच्या एसटीने लातूर गाठले आणि तिथून जीपने गावात पोचलो. पिशवीत हातोडी आणि छिन्नी होती. कमलम्मा ओट्यावर बसल्या होत्या. अंगणात खाटेच्या जागी तुळशीचे रोप लावलेले होते.

"आजी, त्या दिवशी मी तुमचं घर हिरव्यात सांगितलं. ते खरं नव्हतं. मागच्या भिंतीच्या आत काय आहे ते आम्हाला माहीत नाही."

"माहीत न्हाई, तर हिरवं कसं म्हनलाव?"

"माहीत नसलेली घरंही हिरव्यात घातली होती."

"कोन घातली?"

संगणकाचे नाव घेता आले असते. त्यांनी ते मानलेही असते.

"मी," मी म्हणालो.

शिवकांताबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या होत्या. "सर, बत्तीस वर्सं ओ! पाया पडलो, मठातल्या स्वामींना आनलं, लातूरचे डॉक्टर केले. कुनाचं ऐकलं न्हाई. तुमच्या एका चितरानं आत आल्या. आन आता म्हनता माहीत न्हाई?"

"हो."

"मग त्या दिशी तोंडाला काय झालतं?"

मी पिशवीतून हातोडी आणि छिन्नी काढून ओट्यावर ठेवली.

अमरनाथ आतून आला. त्याने रंगवलेल्या भिंतीकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "फोडा. आता रंगाचं काय घेऊन बसलाव."

कोठीत कमलम्मांचे अंथरूण भिंतीला लागूनच होते. त्याने ते गुंडाळून बाजूला ठेवले. मी तीन ठिकाणी गिलावा काढला. आतून काढला की मोजून बाहेरच्या बाजूने त्याच उंचीवर काढायचा. दोन तास लागले. तिन्ही ठिकाणी लांब आडवा दगड होता, एक टोक आत, दुसरे बाहेर. वर भिंतींना एकत्र बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टाही सलग होता. भिंत चांगली बांधलेली होती.

"बाबांनी बांधून घेतलती," अमरनाथ भोकात बोट घालून म्हणाला. "कवा बोलले न्हाईत."

माझ्या छातीवरचा भार उतरला, आणि त्याच उत्साहात मी ओट्यावर गेलो. "आजी, भिंत पक्की आहे. मी स्वतः पाहिली. आता खुशाल आत झोपा."

कमलम्मा उठल्या. आत जाऊन तिन्ही भोके त्यांनी पाहिली. मग माझा चेहरा पाहिला, भिंतीपेक्षा जास्त वेळ.

"त्या दिशीबी ह्याच तोंडानं म्हनलाव," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "अमर, माळ्यावरची खाट काढ."

"अव्वा, आता तर खरंच..."

"काढ म्हनले ना."

माहीत असताना आणि माहीत नसताना जे उपकरण एकच आकडा दाखवते ते बाद करायचे असते. त्यांचा निर्णय तर्काला धरून होता, आणि भिंत मात्र खरोखरच चांगली होती. त्यांची बत्तीस वर्षांची भीती जेमतेम वितळली होती आणि मी ती पुन्हा गोठवली. या वेळी तिला पुरावाही पुरवला.

अमरनाथने खाट वरून सोडली. खालचे टोक मी धरले. कमलम्मांनी भिंतीपासून पावले मोजली, तुळशीच्या पलीकडे जागा दाखवली, आणि आम्ही ती तिथे टेकवली. त्या तिच्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "पानी प्या. उनातनं आलाव." पाणी कुणी आणले नाही. मीच रांजणावरून घेतले.

शिवकांताबाई हात धुऊन आल्या. "असली अजून किती घरं हायत?"

मी यादी दाखवली. त्यांनी एकेक नाव वाचले.

"ह्यातली धोंडाबाई तर बोलायला माज्या वरचढ हाय. तुमाला उंबऱ्यातच उभं करील." त्यांनी डोक्यावर पदर घेतला. "चला, मी येते संगं. बोलायचं मात्र तुमीच."

मी हातोडी पिशवीत टाकली आणि त्यांच्या मागे निघालो.